पट सात, हजर एक

कुडाळच्या मोठ्या शाळेतून माझी बदली वालावलकडच्या एका वाडीवर झाली, तेव्हा माझ्या टाचणवहीत चाळीस मुलांच्या वर्गाचे पाठ होते. नव्या शाळेचा पट सात. पहिली ते चौथी एकाच खोलीत. चाळीस जणांचा पाठ इथे वीस मिनिटांत संपायचा. उरलेल्या वेळात मुलांना पाढे लिहायला लावून मी कागदपत्रं भरत बसायचे.

शेजारच्या गावात जत्रा होती त्या दिवशी तिसरीतली एकच मुलगी आली. तिची आई काजूच्या कारखान्यात कामाला जायची.

"तू नाही गेलीस जत्रेला?"

"आवशीक सुट्टी गावली नाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बाई, माका एकटेक शिकवतल्यात?"

तिला परत पाठवावं असं मनात आलं होतं, पण घरी कोणी नव्हतं. टाचणात गटवाचन होतं, आणि गट कुठून आणणार? मी खुर्ची सोडून तिच्याजवळ खाली बसले. तिने धडा घडाघडा वाचला. वर्गातही ती अशीच वाचायची, त्यामुळे तिची मला कधी काळजी वाटली नव्हती. वेळ भरपूर होता, म्हणून सहज मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं.

"हा वाच बघू."

तिने धडा पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतला. दुसऱ्या शब्दालाही तेच.

"माका वाचूक येणा नाय," ती पुस्तकाकडे बघत म्हणाली. "बाकीची वाचतत तां मी आयकतंय. मगे पाठ होता."

सात मुलांत मला हे कळलं नव्हतं. कुडाळच्या चाळीसांतली किती माझ्या हातून अशी सुटली असतील? पुस्तक मिटून मी पाटी घेतली. दुपारपर्यंत आम्ही तिच्या घरातलेच शब्द लिहिले: काजू, बी, आई, चूल. चार शब्द तिला कुठेही दाखवले तरी ओळखता येऊ लागले.

दुसऱ्या दिवसापासून मी पाठ आखूड केले. मोठ्यांना काम लावून रोज पंधरा मिनिटं एकाच मुलाजवळ बसू लागले. त्यात आणखी दोघांच्या अडचणी सापडल्या.

शिमग्याच्या सुमारास तिची आई शाळेत आली. काजूच्या चिकाने बोटं काळी पडलेली.

"बाई, ह्यां चेडू आता पुडीचो कागद माका फेकूक देणा नाय," ती म्हणाली. "आदी वाचता, मगे देता."