कापडाचा उंदीर

बायको गेली तेव्हा घरात दोन जीव उरले. एक मी आणि एक तिची कुत्री. तिची म्हणतो, कारण मला कुत्र्यांचा शौक कधीच नव्हता. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य गेलं. तिथे गेटवर गावठी कुत्री पडलेली असायची, त्यांना डब्यातली उरलेली पोळी टाकायचो. कुत्र्यांशी माझी ओळख तेवढीच.

ही विलायती. मुलीच्या ओळखीत कोणाकडे पिल्लं झालेली, त्यातलं एक तिने आईला आणून दिलं. मी विचारलं, "मोठी झाल्यावर केवढी होणार?" मुलगी म्हणाली, "बाबा, एवढीच राहते ही. टेरियर आहे." मला वाटलं, कुत्री लहान म्हणजे त्रासही लहान. माणूस म्हातारा होतो, शहाणा होतोच असं नाही.

अंगाने पांढरी, एका डोळ्यावर तपकिरी डाग, उंची माझ्या गुडघ्याच्याही खाली. नाव बायकोने ठेवलं. ते इथे लिहीत नाही, ते हाक मारायला आहे. कुकरची शिट्टी झाली की ही कुकरवर भुंकायची. भिंतीवर पाल दिसली की सोफ्यावरून सरळ टीव्हीच्या टेबलावर. तुळशीची कुंडी उकरून सगळी माती हॉलमध्ये आणायची आणि वर आमच्याकडेच बघायची, जसं काही आम्हीच घाण केली. तिचे केस सुईसारखे बारीक. ताटात सापडायचे, चहात सापडायचे. काळ्या पँटला चिकटले की पँटही माझ्यासारखी पिकलेली दिसायची.

बायकोचं आणि तिचं मात्र छान जमायचं. बायको भाजी निवडायला बसली की ही मांडीला टेकून बसणार. दोघींच्या दिवसभर गप्पा. "अगं भवाने, शेंग टाकून दे ती," वगैरे. माझ्याशी बायको इतकं बोलली असती तर मी कंटाळलो असतो. कुत्री कंटाळायची नाही.

मग बायको गेली. आजारपण लांबलं नाही, ते एक बरं झालं. त्यानंतर ही कुत्री रोज सकाळी घरभर फिरून शोध घ्यायची. आधी पलंग, मग गॅलरी, मग बाथरूमचं दार. शेवटी कपड्यांचं कपाट. कपाटाच्या फटीला नाक लावून उभी राहायची. मी तिच्यावर खेकसायचो. पण खरं सांगायचं तर मीसुद्धा तेच करत होतो, फक्त हुंगत नव्हतो.

वर्ष असं गेलं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला एक भानगड झाली. तिला घेऊन जिना उतरत होतो, खाली मांजर दिसलं, हिने झटका दिला आणि मी खाली आपटलो. डाव्या मनगटाला प्लास्टर. ठाण्याहून मुलगा धावत आला.

"बाबा, हे चालणार नाही. तुमचं वय काय, तिचा स्पीड काय!"

"वयाचं काढू नकोस. तुझं पोट बघ आधी."

"विषय बदलू नका. माझ्या मित्राचं मुरबाडला फार्महाऊस आहे. मोकळं रान आहे, मजेत राहील ती."

"आणि मी?"

त्याने माझ्या प्लास्टरखाली उशी सरकवली. पोरगा वाईट नाही. घाबरला होता. आई गेली आणि आता बाप जिन्यात पडतोय, कोणीही घाबरेल. थोड्या वेळाने म्हणाला, "गणपतीपर्यंत बघू. गेल्या वर्षी आपण गणपती आणला नाही, या वर्षी सगळे येणार. त्या सगळ्यांसमोर हिने एक जरी तमाशा केला ना बाबा, तर विसर्जन झालं की मुरबाड."

"ठरलं," मी म्हटलं. ठरलं म्हणायला काय जातं! रात्रभर मनगट ठणकलं आणि दुसरंही काहीतरी.

दुसऱ्याच आठवड्यात तिला गोचिड्या झाल्या म्हणून डॉक्टरकडे नेली. डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. ती गोचिड्या काढत होती, तोवर मी तिला सगळं सांगून टाकलं. ती हसली. "आजोबा, हिला कितीही चालवलंत तरी आधी तुम्हीच दमणार. ही जात बिळातले प्राणी हुसकवायला पाळायचे. तुम्ही हिला काही कामच दिलेलं नाही. गळ्यातला पट्टा काढा, छातीचा घ्या, आणि हिला काहीतरी शोधायला लावा."

हे मला लगेच पटलं. रिटायर झाल्यावर पहिल्या वर्षी मी घरातला एकूण एक नळ खोलून ठेवायचो. एकही गळत नव्हता. बायको म्हणाली होती, "तुम्हाला कोणी नोकरी देत असेल तर मी पगार देते."

मग कपाट उघडलं. बायकोचा निळ्या फुलांचा गाऊन होता, कोपरावर विरलेला. तो टाकवतही नव्हता आणि बघवतही नव्हता. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्याचा एक तुकडा कापला, आत त्याच्याच चिंध्या भरल्या आणि दाभणाने शिवून उंदीर केला. परकराच्या नाडीची शेपूट लावली. उंदीर कसला, वांगं वाटत होतं. पण कुत्रीने हुंगला आणि अशी शहारली की मला कळलं, हिला ओळख पटली.

पहिल्याच दिवशी तिने त्याच्या चिंध्या केल्या. मी परत शिवला. परत फाडला, परत शिवला. मग नियम केला. उंदीर शोधायचा, न चावता आणायचा, माझ्या मांडीवर ठेवायचा. अख्खा आणला तर खोबऱ्याचा तुकडा, फाटका आणला तर काही नाही. मी खोबरं खिशातच ठेवायला लागलो. आषाढ निम्मा गेला तोवर ती दोन बोटांनी लाडू उचलावा तसा उंदीर उचलायला शिकली. मी तो चपलांच्या रॅकमध्ये लपवायचो, तांदळाच्या डब्यामागे लपवायचो, उशीच्या अभ्र्यात घालायचो. ती शोधायचीच. सकाळी पावसाची उघडीप बघून एक फेरी, मग उंदीर, मग झोप. कपाटाच्या फटीशी जाणं बंद झालं. कुकरवर भुंकणंही कमी झालं. खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा वर येऊन विचारून गेल्या, "काका, हल्ली आवाज नाही काही. बरं आहे ना सगळं?"

ती उंदीर मांडीवर ठेवायची तेव्हा त्या कापडाचा वास मलाही यायचा. पुढे पुढे थुंकीचाच जास्त. तरी यायचा.

गणपतीच्या आदल्या दिवशी कळव्याहून अक्का आली. ही माझ्या बायकोची थोरली बहीण. तोंडाने माझ्याहून फटकळ, पण मोदकाला कळ्या पाडाव्यात तर तिनेच. सोबत तिचा नातू. दुसऱ्या दिवशी मुलगा, सून, माझे चुलतभाऊ, सगळे जमले. कुत्रीचा हा पहिलाच गणपती. तिला आतल्या खोलीत ठेवलं तर पूजेचे मंत्र सुरू होताच तिने आतून असा सूर लावला की गुरुजी थांबून माझ्याकडे बघायला लागले.

"बाहेर आणा तिला," मुलगा म्हणाला, "पण पट्टा हातात धरा बाबा. सोडायचा नाही."

गुडघ्यांमुळे मी खुर्चीवर बसलेलो. ती खुर्चीखाली. पूजा झाली, गुरुजी दुसऱ्या घरी गेले, कुत्री गप्प. मी मनात म्हटलं, जिंकलो.

आता आमच्या गणपतीचं सांगतो. आमच्याकडे उंदीर मूर्तीला जोडलेला नसतो. वेगळा असतो, मुठीत मावेल एवढा, तो मूर्तीच्या पुढ्यात ठेवायचा. दोन महिने मी त्या कुत्रीला उंदीर शोधायला शिकवत होतो आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की आपल्या घरात देवासमोरही एक उंदीर बसतो.

आरती सुरू झाली. झांजा, घंटा, टाळ्या. आरतीला टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात. पट्टा कधी सुटला मला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती लोकांच्या पायांतून पुढे पोचलेली. चौरंगावर पुढचे पाय ठेवून उभी राहिली. समोर मोदकांचं ताट, केळी, नारळ. तिने कशाकडे बघितलं नाही. मान लांब केली, उंदीर अलगद उचलला, वळली, आली आणि माझ्या मांडीवर ठेवला. मग खाली बसून माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

झांजा थांबल्या. मुलाच्या हातातलं निरांजन हवेत थांबलं. चुलतभाऊ डोळे मिटून गातात, ते एकटेच पुढे गेले. आणि माझा मेला हात, सवयीने खिशात गेला आणि खोबऱ्याचा तुकडा तिच्या तोंडात.

"बाबा!" सून ओरडली.

"तुम्ही तिला बक्षीस देताय?" मुलगा म्हणाला.

"चुकून दिलं रे."

"देवापुढचं आहे ते," चुलतभाऊ डोळे उघडून म्हणाले. "कुत्र्याने तोंड लावलं म्हणजे काय?"

अक्का पुढे आली. माझ्या मांडीवरून उंदीर उचलला, कमरेला खोचलेला चष्मा काढून डोळ्यांवर लावला, उलटासुलटा करून बघितला. "दात लागलेला नाही. कान शाबूत आहेत. शेपटीला थोडी ओल आहे, एवढंच." मग चुलतभावांकडे वळली. "तोंड कोणी कोणी लावलंय ते काढायचं असेल तर काढू या. मी ताट भरून मोदक मांडले होते. मधे एक खड्डा दिसतोय. नैवेद्याच्या आधी. तो काही कुत्रीने केलेला नाही."

तिचा नातू वर पंख्याकडे बघायला लागला.

"शाडूचा आहे, धुवायला गेलं तर विरघळेल," असं म्हणत तिने दूर्वांच्या जुडीने उंदरावर पाणी शिंपडलं आणि तो जागेवर ठेवला. "भावोजी, पट्टा पायाखाली दाबा आणि टाळ्या वाजवा. आरती अर्धी राहिलीये."

आरती पुरी झाली. मोदक खाल्ले. मला गोड लागले नाहीत. सगळ्यांसमोर तमाशा झाला होता, आणि शब्द मीच दिलेला.

संध्याकाळी पाहुणे पांगले तेव्हा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. "हे तिला शिकवलं कोणी?"

मी उठून तांदळाच्या डब्यामागचा कापडाचा उंदीर आणून दिला. त्याने तो हातात घेतला. फिरवून बघितला. बराच वेळ अंगठा त्या निळ्या फुलांवरून फिरत होता.

"हा आईचा गाऊन आहे."

"हो."

"शिवला कोणी?"

"दिसतंय की कोणी शिवलाय ते. टाके बघ."

तो हसला नाही. उंदीर हातात घेऊनच गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी मागे गेलो नाही.

आमचा गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला पालिकेच्या हौदावर गेलो. कुत्रीला घरी ठेवू म्हटलं तर मुलगा म्हणाला, "येऊ दे," आणि पट्टा त्याने स्वतःच्या मनगटाला गुंडाळला. मूर्ती पाण्यात गेली. मागोमाग अक्काने उंदीर सोडला. कुत्रीने ते बघितलं आणि जी ओढ घेतली! पुढचे पाय हौदाच्या कठड्यावर, कुंई कुंई चाललेली. म्हटलं, आता हा पण आपटतो माझ्यासारखा.

मुलाने पाय रोवले. शर्टाच्या खिशात हात घातला आणि कापडाचा उंदीर काढून तिच्या नाकासमोर धरला. खिशात घेऊन आलाय हे मला माहीत नव्हतं. तिने हुंगला, शेपूट हलवली, उंदीर अलगद तोंडात घेतला आणि पुन्हा त्याच्याच हातावर ठेवून खाली बसली. आता तोंडाकडे बघणं सुरू.

"मुरबाडवाल्याला सकाळीच कळवलं मी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "ती येणार नाही म्हटलं."

"का?"

"कामाला आहे म्हटलं इथे." मग जरा घाईने, "बाबा, खोबरं काढा ना. किती वेळ बघतेय ती."