काजूगर बंद, गोळी चालू

साथीच्या दिवसांत डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिलेली झिंकची गोळी मी आमच्या ह्यांना पुढे तीन वर्षं चारली. सकाळ-संध्याकाळ, "ताकदीची आहे" म्हणत. मोबाईलवर दोन व्हिडिओ बघून तेव्हाची मी अशी काही शहाणी झाले होते, की गळ्यात डॉक्टरांची नळी अडकवायचीच काय ती बाकी होती.

मग ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं, सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली. ना दारू, ना पोट सुटलेलं; पण मला गुन्हेगार लगेच सापडला. ह्यांची जीभ! खाडीतली कालवं, म्हणजे शिंपल्यातली, बंद; ओल्या काजूगरांची उसळ बंद. एकदा शेजारणीच्या पडवीत बशीसकट सापडले, तर मी चारचौघांत ओरडले, "तुमका सांगलंय मा, काजू बंद म्हणान? लाज कशी वाटणा नाय?"

"चारच गर खाल्लंय गो," म्हणाले आणि बशी खाली ठेवली. सत्तरीचा माणूस. मला तर मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

पुढे रक्त कमी झालं, पाय बधिर पडू लागले. कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. झिंकची बाटली उचलून त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. जास्तीचं झिंक अन्नातलं तांबं अंगी लागू देत नाही, म्हणाल्या. तांबं कमी पडलं की कोलेस्टेरॉल चढू शकतं, लिव्हरला चरबीचा निचरा जमत नाही, ती तिथंच साचते. तपासणीतही तांबं तळाला गेलेलं निघालं.

"ते असतं कशात?" मी चाचरत विचारलं.

"कालवांत, काजूत," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे काय कमी आहे?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. परतताना रिक्षात मीच म्हटलं, "माका शिव्या घाला."

"शिव्या कित्याक? तुझ्या भियान एक गोळी चुकवूक नाय मिया. थंयच माझा चुकला."

रिक्षावाला खो खो हसला. मीही हसले, आणि पदर डोळ्यांना लावला.

झिंक थांबलं, तांब्याचं औषध सुरू झालं. रक्त भरलं, कोलेस्टेरॉल उतरलं, लिव्हरही सुधारतंय. पाय मात्र पूर्ण बरे होतील, असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. देवळाच्या पायऱ्या उतरताना हे माझा खांदा धरतात. बायका चिडवतात, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय म्हणून. मीही काहीतरी चावट बोलून त्यांना हसवते. ह्यांचा पाय खालची पायरी चाचपत असतो, तिकडे मात्र मला बघवत नाही.