कुवेतच्या कपाटातले भूदास

कुवेतच्या किनाऱ्याला पाणी उथळ म्हणून आमची बोट लांबच थांबली. लाँचमधून धक्क्यावर उतरलो तेव्हा माझ्या एका हातात कोकमांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात हस्तलिखित. दापोलीला पोरांना इतिहास शिकवता शिकवता मी एका रशियन मुत्सद्द्याचे चरित्र लिहून काढले होते. या उदार माणसाने जमीनदारांचे शिव्याशाप खात कायद्याचा मसुदा केला आणि लाखो भूदासांना (मालकाच्या जमिनीला बांधलेल्या कुळांना) मोकळे केले. पुस्तक छापण्याचा भार माझा जुना विद्यार्थी इब्राहिम उचलणार होता. अर्पणपत्रिकाही त्याच्याच नावाची होती.

धक्क्यावर त्याने माझी ट्रंक उचलली आणि नोंदीसाठी पासपोर्टही घेतला. विद्यार्थी एवढे करतो याचा मला अभिमान वाटला.

इब्राहिमचे दुकान आणि घर शहरातल्या मिरकाब भागात. तेव्हा तिथे आपलाच रुपया चालायचा आणि बाजारात हिंदी बोलले की भागायचे, त्यामुळे परदेश असा वाटेचना. उकाडा मात्र तव्यासारखा. स्वयंपाकाला मुरुडकडचा दाऊद होता. माझी कोकमे पाहून त्याने ती आधी नाकाला लावली. हामूर (मोठा चविष्ट मासा) त्याने असा केला की मी पथ्य विसरलो.

शुक्रवारी आम्ही जहराला गेलो. वाळूतून तासभर गाडी हाकल्यावर एकदम खजुरीची हिरवी बाग आणि विहिरी. जेवण झाल्यावर मी सावलीत बसून दोन प्रकरणे वाचून दाखवली. इब्राहिमला छान डुलकी लागली. दाऊद मात्र भांडी विसळत ऐकत होता.

"गुरुजी, त्या लोकांना गाव सोडून जाता येत नव्हता?"

"मालकाच्या परवानगीशिवाय नाही. लग्नही करता येत नसे."

"माजा पन तसाच हाय," तो हळूच म्हणाला. "आय बीमार हाय. दोन पत्रां आली. पासपोर्ट भाईंच्या कपाटान. भाई बोलतात, रमजान झाल्यावर बघू. हा तिसरा रमजान गेला."

मी हबकलो. इब्राहिमला शिकवले मी, आणि झोपेत तो अगदी निष्पाप दिसत होता. त्याहून मोठा धक्का बसला तो माझ्याच वागण्याचा. त्यानंतर तीन दिवस मी दाऊदच्या हातचे जेवलो आणि गप्प राहिलो, कारण पुस्तक छापायचे होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

चौथ्या दिवशी चहाच्या वेळी विचारलेच. इब्राहिमने मुळीच न लाजता कपाट उघडले. रबराने बांधलेला पासपोर्टांचा गठ्ठा होता.

"सर, इथे सगळेच असे ठेवतात. नाहीतर माणूस शिकून तयार झाला की दुसऱ्या दुकानात जातो."

गठ्ठ्यात सात पासपोर्ट नोकरांचे होते. सर्वांत वरचा आठवा माझा होता. पंधरा दिवस तो माझ्याजवळ नाही हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

"तुमचा घ्या ना, तुम्ही पाहुणे," तो ओशाळून म्हणाला.

मी हात मागे घेतले. "दाऊदचा दे. तोवर माझाही तिथेच राहू दे."

"सर, तुमची बोट परवा आहे. शाळा उघडेल."

"ठाऊक आहे."

बोटीच्या सकाळी माझ्या ताटाशेजारी दोन पासपोर्ट ठेवलेले होते, माझा आणि दाऊदचा. बाकीचे सहा कपाटातच राहिले, आणि त्यांच्याविषयी बोलायची माझी हिंमत झाली नाही. दाऊदचे डेकचे तिकीट मीच काढले. इब्राहिम निरोपाला धक्क्यावर आला नाही. पुस्तकाचे काय होणार हे मी समजलो.

हस्तलिखित अजून ट्रंकेत आहे. त्यातले एक वाक्य मात्र मी बोटीवरच खोडले. मुक्तीचा जाहीरनामा ऐकून भूदास आनंदाने नाचू लागले, असे मी घरी बसून लिहिले होते. दाऊद नाचला नाही. मुंबईचा किनारा दिसेपर्यंत तो डेकवर बसून होता, सदऱ्याच्या खिशावर हात घट्ट दाबून.