मशीन पुन्हा प्रयत्न करेल

देवावर निशिकांतचा फारसा विश्वास नव्हता. पत्र हरवत नाही, यावर मात्र होता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो पुण्याहून सिंगापूरच्या एका विद्यापीठात संगणक केंद्रात नोकरीला आला. तेव्हा इंटरनेट म्हणजे काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं आणि समुद्राखालून अमेरिकेला गेलेली एक बारीकशी लाइन. ती लाइन दर थोड्या वेळाने मरायची. पण ज्यांनी हे जाळं विणलं त्यांनी ती मरणार हे गृहीतच धरलं होतं. पुढचं मशीन ‘मिळालं’ म्हणेपर्यंत मागच्याने ईमेलचं पत्र सांभाळायचं. उत्तर आलं नाही तर थांबायचं, मग पुन्हा पाठवायचं, पुन्हा थांबायचं. नव्या मुलांना शिकवताना निशिकांत सांगायचा, “पलीकडचा मेलाय असं कधी समजायचं नाही. लाइन पडलीय असं समजायचं.”

हे वाक्य मुळात अभयचं होतं. अभय शेजारच्या टेबलावर बसायचा. त्या दोघांनी केंद्राच्या मशीनवर ‘कट्टा’ नावाची मेलिंग लिस्ट चालू केली. एकाने लिहिलं की ते सगळ्यांना पोचायचं. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, तरी लोक तुटून पडायचे. बर्फात विरजण कसं लावायचं असं ओहायोतून कुणी विचारलं की सकाळपर्यंत चार देशांतून उत्तरं हजर. ही माणसं एकमेकांना कधी दिसली नाहीत. एकमेकांची बाळंतपणं आणि घटस्फोट मात्र त्यांना तोंडपाठ होते.

मग एका निवडणुकीच्या वादात अभयने कुणाला तरी जातीवरून टोचून लिहिलं. लिस्ट निशिकांत सांभाळायचा. त्याने अभयची पत्रं अडवून ठेवायला सुरुवात केली. स्वतः वाचून पसंत पडली तरच पुढे सोडायची. अभयचा फोन आला, “निश्या, मी बांधलेल्या घरात मीच दारात उभा राहू का रे? आणि तू आतून भोकातून बघणार?”

“माफी माग, दार उघडतो.”

“तुझं दार तुलाच लखलाभ.”

त्यानंतर अभयने कट्ट्यावर एक ओळ लिहिली नाही. केंद्र बंद झालं, नोकऱ्या बदलल्या, लोक फोनवरच्या ग्रुपांत गेले. निशिकांतने कट्टा सिंगापूरच्या उत्तर टोकाला, यिशुनच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणला. इथल्या नव्या फ्लॅटांना जाड भिंतींची एक कोठी असते, त्या बॉम्ब शेल्टरमध्ये, तांदळाच्या पोत्याशेजारी, एक जुनं मशीन रात्रंदिवस घरघरत राहिलं. त्यावर हल्ली फक्त मरणाच्या बातम्या यायच्या. अभय सेरंगूनला राहायचा. बायको गेलेली, मुलगा कॅनडात. बिशान स्टेशनला मेट्रो बदलली की अर्ध्या-पाऊण तासाची वाट. निशिकांत त्या वाटेने बारा वर्षांत गेला नव्हता.

“कट्ट्यावरचे इथे आता तुम्ही दोघंच उरलात,” सुनेत्रा एकदा जेवताना म्हणाली, “आणि दोघं बोलत नाही. कसला हा कट्टा? स्मशानातला?”

बायकोचं बोलणं त्याला लागलं. दोन दिवस घालवून त्याने पत्र लिहिलं. लांबलचक लिहिलं, मग सगळं खोडून एवढंच ठेवलं: अभय, चूक माझीही होती. दिवाळीला घरी ये.

पत्र गेलं नाही. मशीनने कळवलं, समोरची टपालपेटी भरली आहे, पुन्हा प्रयत्न करतो.

निशिकांतला उलट बरं वाटलं. नकार आला नव्हता. “आळशी आहे लेकाचा,” तो म्हणाला. “जाहिराती साठल्या असतील. पेटी रिकामी केली की जाईल.”

“अहो, फोन करा.”

“केला. बंद लागतो. नंबर बदलला असेल.”

“मग उठून जा.”

“त्याला वाचू दे आधी. न वाचता मला दारात बघून तो तोंडावर दार लावेल.”

“मशीन पन्नासदा जाईल,” सुनेत्रा म्हणाली. “तुम्ही एकदा जाऊ नका.”

तो गेला नाही. सकाळ-संध्याकाळ शेल्टरमध्ये डोकावून बघायचा. पुन्हा प्रयत्न. पुन्हा प्रयत्न. मशीनच्या चिकाटीचं त्याला कौतुक वाटायचं, जणू तोच चालत निघाला होता.

पाच दिवसांनी मशीनने हात टेकले. पत्र परत आलं. तेव्हा कुठे निशिकांतने पायांत चपला घातल्या.

अभयच्या दाराच्या लोखंडी जाळीला नवं कुलूप होतं. शेजारची चिनी बाई कुंड्यांना पाणी घालत होती.

“अंकल, यू फॅमिली आह?” तिने विचारलं.

“फ्रेंड.”

बाईने झारी खाली ठेवली. मग तिच्या तुटक इंग्रजीत तिने सांगितलं ते असं: अंकलचे डोळे वर्षभरापूर्वी गेले होते. कॉम्प्युटर दिसायचा नाही. कुणाचं काही आलंय का ते वाचून दाखव, असं ते तिच्या मुलाला म्हणायचे, पण मुलगा आर्मीत गेला. ती बहिणीकडे मलेशियाला गेली होती. परत आली तेव्हा वास येत होता. काल पोलीस घेऊन गेले. अंकल बाथरूममध्ये पडले होते.

“लगेच गेले का?” निशिकांतने विचारलं.

बाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. “पोलीस म्हणाले, नाही. दाराशी सरकत आले होते. दोनतीन दिवस जिवंत असतील, लाह. टू, थ्री डेज.”

तो घरी आला तेव्हा सुनेत्रा चकलीची भाजणी चाळत होती. “भेटले का भावजी?”

तो चपलांसकट दारातच खाली बसला. तिने चाळणी बाजूला ठेवली.

“कधी?”

“मी वाट बघत होतो तेव्हा,” निशिकांत म्हणाला.