कडावच्या लग्नातला काळा कोट

तो कोट आजही डोळ्यांसमोर येतो. आधी पांढरा, मग काळा.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. मी कर्जत भागात फौजदार होतो. कडावच्या एका बौद्ध कुटुंबातल्या लग्नात भर दुपारी नवरीची बोरमाळ खोलीतून गेली. दाराशी नवरीची आत्या बसली होती. विधवा, भावाच्याच घरी राहणारी. तिचा जबाब सरळ होता: काळ्या कोटातला एक पाहुणा ‘नवऱ्याची पिशवी न्यायचीय’ म्हणून आत गेला आणि लगेच निघाला. चेहरा नीट पाहिला नव्हता.

लग्नाचं व्हिडिओ शूटिंग झालं होतं. ठाण्यात कृष्णधवल टीव्ही आणि भाड्याचा व्हीसीआर मांडून आम्ही कॅसेट पाहिली. खोलीतून पाठमोरा माणूस निघताना दिसला. कोट पांढरा.

मग आत्याच खोटी ठरली. भावाने गावासमोर ‘चोर’ म्हणत तिला घराबाहेर काढलं. ती शेजारणीच्या पडवीत राहू लागली. मी तिला उलटसुलट विचारलं.

“सायेब, काळाच व्हता. तुमच्या पेटीला दिसत नाय, त्याला मी काय करू?”

खोटं बोलणारा जबाब थोडा तरी वळवतो. ही तसूभर हलेना. शिवाय नवरा-नवरीसकट निम्मा मंडप पांढऱ्या कपड्यांत असला, तरी पांढरा कोट कोणालाच आठवेना.

पुन्हा कॅसेट लावली तेव्हा हवालदार हसला. “साहेब, कडावला बर्फ पडला काय? आंब्याचं तोरण बघा.” पानं पांढरीफटक होती.

शूटिंगवाल्याला बोलावलं. तो चाचरत म्हणाला, “पावसाळ्यात कॅमेऱ्यातल्या एका काचेला बुरशी धरली, म्हणून ती काढूनच टाकली. तेव्हापासून रंग बिघडलेत.” ती काच, जाणकारांनी नंतर सांगितलं, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश अडवते, ती नसली की पानं आणि काही काळी कापडं उजळ दिसतात. मला निम्मंच कळलं. म्हणून त्याच कॅमेऱ्यासमोर उन्हात काळ्या वस्तू मांडल्या. बूट काळेच राहिले. एका वकिलाचा टेरिलीनचा कोट मात्र पांढरट झाला!

तोवर आम्ही पांढऱ्याच कोटाची चौकशी करत होतो; आता पाहुण्यांना काळ्या कोटाबद्दल विचारलं. नाव लगेच आलं: नवऱ्याचा दूरचा नातेवाईक, खालापूरकडचा. पंचांसमक्ष घरझडती घेतली, बोरमाळ मिळाली.

आत्या पुरवणी जबाबावर अंगठा द्यायला ठाण्यात आली, तेव्हा भाऊही आला.

“चल गं घरी. झालं ते झालं.”

ती बाकावरून उठली नाही. “गावासमोर चोर म्हनलास, गावासमोरच सांग. मग येते.”

पुढे यंत्र आणि माणूस यांच्या सांगण्यात फरक पडला, की मी आधी यंत्र तपासायचो. बोरमाळ कोर्टाच्या हुकमाने नवरीला मिळाली. बाईची अब्रू परत देण्याचा हुकूम कोर्ट काढत नाही. भावाने गाव जमवून चूक कबूल केली, आणि मगच ती त्याच्या घरात शिरली.