धवळीच्या ब्रेकची हवा

गाडी एका घराची असली की तिचे किस्से त्या एका घरात राहतात. आमची गाडी अख्ख्या गल्लीची होती, त्यामुळे डिंडोलीत आजही चार बायका साड्यांना लेस लावायला एकत्र बसल्या की कोणीतरी म्हणतंच, "ती ब्रेकची गोष्ट सांग ना." एक सांगायला घ्यावी तर तिच्या मागून दुसरी येते, आणि साडी तशीच मांडीवर राहते.

गाडी म्हणजे धवळी. पांढरी आणि जुनी. माझे थोरले दीर, नाना, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये फिटर होते. शेठने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी नानांनी घेतली. कोणाचं बाळंतपण असो, कोणाचा पाय मोडो, धवळी दाराशी हजर.

*

शहरात प्लेगच्या साथीने पळापळ होऊन गेली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी नणंद सुनंदा साक्रीला दिलेली. तिला सातवा लागला होता. आधीचं मूल पोटातच गेलं होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं, एसटीचे हादरे नकोत. सासूबाई गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे आम्हीच. नाना म्हणाले, माझी बहीण धवळीतून येईल. झालं, ठरलं.

त्याच आठवड्यात पर्वत पाटियाच्या चौकात नानांनी ब्रेक दाबला आणि पायडल सरळ खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हा कुठे धवळी थांबली, तीही साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या एका हातगाडीला टेकून. हातगाडीवाला ओरडला नाही, भांडला नाही. शांतपणे आमच्या बॉनेटवर बसला, बिडी पेटवली आणि म्हणाला, "अब बैठ ही गया हूँ, तो मार्केट तक छोड दो."

घरी येऊन नानांनी सांगितलं की ब्रेक उत्तम आहे, फक्त तीनदा मागावा लागतो. मी आतून ऐकत होते. साक्रीहून येताना कोंडाईबारीचा घाट उतरायचा, गाडीत पोटुशी बाई, आणि तिथे तीनदा मागायला वेळ कोण देणार?

*

आमचे हे त्याच मिलमध्ये फोल्डिंगला, कापडाच्या घड्या घालायला. ह्यांचं म्हणणं, गाडी गॅरेजला टाकू. नाना ऐकतात कुठे! मिलमधल्या वाफेच्या लाइनी मी सांभाळतो, मला काय चार चाकांचं कौतुक, म्हणाले. रविवारी गाडी दारात घेतली. जुनं ब्रेक ऑइल काढलं, ते काढ्यासारखं काळं. नानांनी ह्यांना समजावून सांगितलं, तेल जुनं झालं की पाणी ओढतं, उतारावर तापलं की उकळतं, आणि मग पायडलमध्ये जीव राहत नाही. हे मला आधी कळलं नसतं तर बरं झालं असतं.

नवं तेल ओतताना ह्यांनी थोडं सांडलं. आमचे हे पडले काटकसरी. वाया कशाला घालवा म्हणून फडक्याने सगळ्या बॉनेटभर चोळलं. धवळी अशी काही चमकली की समोरचे हसमुखभाई झोपाळ्यावरून उठून आले. "वाह, नवी लागे छे!" त्यांनी स्वतःची स्कूटर पुढे केली. ह्यांनी तिलाही मोकळ्या हाताने चोळलं.

संध्याकाळी दोन्हींचा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून वर आला. ब्रेक ऑइल रंग खातं हे नानांना ठाऊक होतं, पण ते तेव्हा गाडीखाली होते. हसमुखभाई देवमाणूस. स्कूटरवरून बोट फिरवलं आणि उलट आम्हालाच धीर देत म्हणाले, "चालो, रंग तो आमेय बदलवानो ज हतो."

*

तेल बदललं तरी खरं काम पुढेच असतं, ते म्हणजे हवा काढणं. एकाने आत बसून पायडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकाशी आडवं होऊन हवेचा स्क्रू ढिला करायचा, की नळीतून बाटलीत तेल येतं आणि त्याबरोबर बुडबुडे. स्क्रू परत आवळला की मगच पाय उचलायचा. नाना चाकाशी. हे बॉनेट उघडून तेलाच्या डबीवर लक्ष ठेवणार. मग पायडलवर कोण? हे म्हणाले, "हिला बसवा. हिचा पाय दिवसभर मशीनवरच असतो."

अशी मी जन्मात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागी बसले, डोक्यावरून पदर घेऊन. आता पंचाईत अशी की आमच्यात धाकट्या भावाची बायको जेठाशी बोलत नाही, आणि जेठही तिच्याशी थेट बोलत नाहीत. मागच्या चाकाखालून आवाज आला, "कोणीतरी पायडल दाबा."

गाडीत मी एकटी. मी दाबलं.

"दाबलं का कोणी?"

आता उत्तर कसं द्यायचं? मी हॉर्न वाजवला. नानांना ते पसंत पडलं असावं, कारण पुढे तोच कायदा झाला. दाबलं की हॉर्न. दुसऱ्या चाकापर्यंत गल्ली ओट्यावर आली होती. हसमुखभाईंनी ह्यांना बाजूला घेऊन, मी रुसले की काय, असं हळूच विचारलं, "बेन रिसाई गया छे?"

"ना ना," हे म्हणाले, "जवाब आपे छे."

*

पण हवा काही संपेना. बाटलीत बुडबुड्यांवर बुडबुडे. नाना खालून म्हणाले, ही गाडी आहे की वावटळ? शेवटी हे माझा पाय बघायला आले आणि कपाळावर हात मारला. शिवणाच्या मशीनवर पाय थांबवायचा नसतो ना! नानांनी स्क्रू उघडला की माझा पाय आपला सवयीने वर-खाली, वर-खाली. जेवढी हवा बाहेर जायची तेवढीच आत यायची.

ह्यांनी मला गल्लीदेखत चांगलं लेक्चर दिलं. ते संपेपर्यंत तिकडे स्क्रू उघडाच राहून तेलाची डबी कोरडी पडली आणि वरूनही हवा शिरली! नाना गाडीखालून निघाले. केसांत तेल, कानात माती. हात धुतले, जेवले, ह्यांना नवीन तेल आणायला पाठवलं आणि परत पहिल्यापासून करायला सगळ्यात लांबच्या चाकाशी जाऊन आडवे झाले. मीही मग डावा पाय उजव्यावर दाबून धरला. म्हटलं, आता हलून दाखव.

उन्हं उतरता उतरता पायडल दगडासारखं घट्ट लागलं. नानांनी स्वतः बसून बघितलं, दोनदा बघितलं. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "ज्याने कोणी दाबलं, त्याने चांगलं दाबलं."

खोटं कशाला सांगू, मला रडूच आलं. घरात जाऊन चहा टाकला.

*

साक्रीहून सुनंदाला घेऊन निघालो. नाना गाडी चालवायला, शेजारी हे, मागे मी आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून सुनंदा. साक्री सुटली तशी तिला गाढ झोप लागली. घाटाच्या तोंडाशी नानांनी गाडी उभी केली, पायडल दाबून पाहिलं, घाटातल्या देवीला हात जोडले आणि खालच्या गिअरमध्ये उतरायला लागले. ह्यांनी दाराचं हँडल गच्च धरलं. मी मनातल्या मनात जेवढे देव आठवत होते तेवढे सगळे आठवून झाले.

एका वळणावर उसाचा ट्रक बंद पडून आडवा झालेला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. नानांनी ब्रेक दाबला. एकदाच. धवळी हळू होत होत हातभर अंतरावर उभी राहिली. साधा धक्कासुद्धा नाही.

थंडीचे दिवस, पण नानांचा सदरा पाठीला चिकटला होता. ह्यांच्या हातात दाराचं हँडल होतं, दारापासून सुटलेलं. मी सुनंदाच्या पोटावर हात ठेवला. आतून एक लाथ बसली, चांगली जोरात. तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

खाली नवापूरला टपरीवर थांबून आम्ही तिघांनी चहा घेतला. नानांच्या बशीतला निम्मा चहा सांडला. पण जीव कसा हलका झाला होता, काय सांगू! परत गाडीत बसलो, सपाट रस्ता लागला आणि सुनंदाने डोळे किलकिले केले.

"घाट लागना म्हंजे माले उठाड वो, वहिनी," ती म्हणाली. "माले भ्याव वाटस."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघायला लागले. नानांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"झोप तू," ते म्हणाले. "घाट अजून लांब शे."