बांगडीवाले चाचा आणि रक्ताची पेटी

बुलढाणा जिल्ह्यात जिच्या मनगटाचं माप आमच्या बांगडीवाल्या चाचांना ठाऊक नाही, अशी बाई अजून जन्माला यायची आहे. देऊळघाटचा हा माणूस चाळीस वर्षं मोटरसायकलवर लाकडी पेटी बांधून आठवडी बाजार करत हिंडला. नावं विसरतील, चेहरे विसरतील, मनगट विसरणार नाहीत. आमच्या रक्तपेढीत पहिल्यांदा आले तेव्हा काउंटरवरच्या माझ्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघून म्हणाले, "सव्वादोन. पण हात काऊन बोडके ठेवले, बाई?" ड्युटीवर बांगड्या चालत नाहीत, हे मी त्यांना सहा वर्षं समजावते आहे. ते दर वेळी "हाव, हाव" म्हणतात आणि ईदला डझनभर हिरव्या बांगड्या काउंटरवर ठेवून जातात.

आमच्याकडे दहा-बारा माणसं अशी आहेत, की कुठल्या दवाखान्यातून निकड आली की स्वतःच्या मोटरसायकलवर, स्वतःच्या पेट्रोलवर रक्त नाही तर औषध पोचवून येतात. कुणी शिक्षक, कुणी मेडिकलवाला. चाचा त्यांच्यात आले ते निव्वळ रागाने. शेजाऱ्यासाठी रक्त न्यायला म्हणून आले होते, आणि सर्पदंशाच्या लसीच्या दोन कुप्या वाटेत फुटल्याचं त्यांच्या कानावर पडलं. "काच फुटली? मोटरसायकलवर?" त्यांनी असं विचारलं, जणू त्यांच्या खानदानालाच कुणी नाव ठेवलं होतं. "चाळीस वर्सांत माही एक बांगडी फुटली नाही." त्यांच्या बेगम याबाबत वेगळी माहिती देतात, पण दुसऱ्या दिवसापासून चाचा आमचे झाले.

बांगड्यांचीच ती पेटी रक्तासाठी बांधायला त्यांना जेवढा वेळ लागे तेवढ्यात दुसरा माणूस चिखली गाठेल. खाली गोधडी, वर बर्फाच्या पिशव्या, त्यावर फडकं, आणि दोरीच्या इतक्या गाठी, की त्या सोडवायला नर्सना कात्रीच आणावी लागे. गतिरोधक दिसला की चाचा गाडीवरून उतरायचेच काय ते बाकी ठेवत. शिक्षक म्हणायचे, "चाचांच्या मागं लागलो का सायकलवालाबी आपल्याला हात करून पुढं जाते." मात्र एरवी गावोगावी चहा पिणारा, चार घरची खुशाली विचारणारा हा गप्पिष्ट माणूस पेटी मागे असली की कुठेही थांबत नसे. हाक मारली तरी मान हलवायचा नाही. आमचं भांडण व्हायचं ते एकाच शब्दावरून. मी म्हणायची, "चाचा, रक्त म्हणा. खून म्हटलं की मराठीत भलताच अर्थ होतो." ते म्हणायचे, "लाल तं दोन्ही असते नं, बाई."

एकदा भर दुपारी दुसरबीडच्या बाजूच्या एका प्रसूतिगृहातून फोन आला. बाळंतपणानंतर बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता आणि लागणारा गट दुर्मीळ. नेमके सगळे कुठे ना कुठे गेलेले. हजर एकटे चाचा. दोन तासांची वाट, आणि गाडीवर हा माणूस! त्या दिवशी त्यांनी एकच गाठ मारली आणि निघाले.

पोचले वेळेत. पण फाटकावरच्या चौकीदाराने ती पेटी, ती दाढी आणि खांद्यावरची पिशवी पाहून हात आडवा केला. "चाचा, इथं बांगड्या विकायला मनाई हाय. भाईर बसा."

"बांगड्या नाही भाऊ, डॉक्टरीण बाईनं बोलावलं."

"समदे असंच सांगतेत."

चाळीस वर्षांत गिऱ्हाइकावर आवाज न चढवलेला माणूस पेटी डोक्यावर धरून ओरडला, "खून आहे बे याच्यात! खून! जाऊ दे मले!"

चौकीदार भिंतीला चिकटला. ओसरीवरच्या नातेवाइकांनी किंकाळ्या फोडल्या. कुणीतरी पोलिसांना फोन लावायला घेतला. त्या गोंधळानेच नर्स धावत बाहेर आली आणि पेटी ओढून आत पळाली.

बाई वाचली. मला हे नर्सने फोनवर सांगितलं. चाचा संध्याकाळपर्यंत तिथल्या बाकावर बसून होते, दर दहा मिनिटांनी उठून दारापाशी जात होते, हेही तिनेच सांगितलं. चाचांनी परत आल्यावर फक्त चौकीदाराची गोष्ट सांगितली. ती पुढे इतकी वाढली की त्यात शेवटी दोन फौजदारही आले. आणि मुलगी झाली होती, हे सांगताना मात्र धंदा जागा झाला: "मनगट पाह्यलं, बाई. अजून मापातच नाही येत."

यंदा डॉक्टरांनी त्यांची गाडी बंद केली. डोळ्यांच्या पडद्याचं काहीतरी आहे, ऑपरेशननेही सुधारायचं नाही म्हणे. मोटरसायकल पुतण्याने नेली. आता चाचा एसटीने येतात आणि काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसतात. फोन वाजला की माझ्या आधी तेच उठतात. मग काहीतरी आठवल्यासारखं हळूच खाली बसतात.

मी त्यांना ऐकू जाईल अशा बेताने गावाचं नाव मोठ्याने घेते. ते डोळे मिटून सगळा रस्ता आठवतात. "त्याले सांग, पुलाच्या अलीकडं डाव्या अंगानं घेजो. उजवीकडं गड्डा आहे." मी निघालेल्या माणसाला तसं सांगते. तो "बरं" म्हणून जातो. चाचा तिथेच बसून राहतात; चहा आणला तर तो निवतो. शेवटी पलीकडून फोन येतो.

"पोचला?"

"पोचला, चाचा."

मग ते उठतात, भिंतीला हात लावत पायऱ्या उतरतात आणि एसटी स्टँडकडे चालू लागतात.